घड्याळाचा पाळणा

स्वयंचलित मनगटी घड्याळाला किल्ली लागत नाही; त्याला मनगट लागते. इंग्लंडच्या जॉन हारवुड या घड्याळजीने 1920च्या दशकात ही युक्ती मनगटी घड्याळात आणली. हात हलला की आतील वजन फिरते आणि मुख्य स्प्रिंगला पीळ बसतो. असे घड्याळ उतरवून ठेवले, की साधारण चाळीस तासांत ते थांबते.

हैदराबादच्या एका घरी वडील निवर्तल्यावर त्यांचे एचएमटी ‘कांचन’ असेच थांबले. रात्री उशाशी त्याची टिकटिक ऐकण्याची आईला कित्येक वर्षांची सवय. म्हणून मुलाने घड्याळ फिरविणारी पेटी घरीच करावयाचे ठरविले. कोठीच्या गुजराती गल्लीतून त्याने खेळण्यातली स्वस्त मोटार आणली. घड्याळ चालू झाले. परंतु मोटारीच्या घरघरीत टिकटिक बुडून गेली.

दोष कोठे होता? अशी मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते. दातेरी चाकांनी तिचा वेग उतरविताना खडखडाट होतो, आणि पोकळ लाकडी पेटी तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे तो वाढविते.

मायक्रोवेव्ह भट्टीची तबकडी फिरविणारी मोटार पुष्कळ शांत असते; तिची तबकडी मिनिटाला पाच-सहा फेरेच घेते. मात्र ती बहुधा घरातील विजेच्या पूर्ण दाबावर चालते आणि सुरू होताना कोणत्या दिशेला वळेल याचा नेम नसतो. काही घड्याळांना तर एकाच दिशेने पीळ बसतो. ही मोटार हवीच असेल तर दुकानातून सुटी घ्यावी. भट्टी स्वतः उघडू नये, कारण तीत जिवावर बेतणारी वीज साठून राहू शकते.

अखेर त्या मुलाने 5 व्होल्टची स्टेपर मोटार व तिची नियंत्रक पट्टी आणली. तिची गती आणि दिशा दोन्ही ताब्यात ठेवता येतात. मोटार व लाकूड यांमध्ये त्याने रबराची गादी घातली आणि मोटारीच्या चुंबकापासून घड्याळ दूर ठेवले.

मग त्याने हिशेब मांडला. घड्याळाला दिवसाकाठी 650 ते 800 फेरे पुरतात. मिनिटाला पाच या गतीने अडीच तासांत साडेसातशे होतात. मग रात्री मोटार चालवावयाचीच कशाला?

आता पेटी दुपारी फिरते आणि निजानीज होण्याआधीच थांबलेली असते. रात्री आईच्या उशाशी असते ती केवळ टिकटिक. मोटार शोधताना किंमत पाहावी, वेग पाहावा. परंतु तिला विसावा केव्हा देता येईल, हे सर्वांआधी पाहावे.