फराळ, परात आणि शेजार

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त दिवाळीपूर्वी झालेल्या स्नेहमेळाव्यात आपल्या एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



कमिटीने मला सांगितलं, “दिवाळीचा फराळ आणि स्वयंपाकघर यावर दहा मिनिटं बोला.” आता मी काही सुगरण म्हणून प्रसिद्ध नाही. एका वर्षी माझ्या चकल्या इतक्या मऊ पडल्या, की सासऱ्यांनी त्या कवळी काढून ठेवून खाल्ल्या आणि वर “यंदा छान झाल्यात” असं सर्टिफिकेटही दिलं. पण माझ्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याच इमारतीत घडलेली आहे.

आम्ही इथे राहायला आलो त्यानंतरची ती तिसरी दिवाळी. ऑफिस सांभाळून सगळा फराळ एकटीने करायचा, असा माझा हट्ट. वसुबारसेच्या आदल्या रात्री साडेदहा वाजले तरी चकल्या बाकी. कढईत तेल तापत ठेवलं आणि हॉलमध्ये फोन वाजला. गावाहून सासूबाईंचा. पाच मिनिटं बोलले असेन. परत येऊन बघते तर कढईतून धूर, आणि बघता बघता तेलानेच पेट घेतला! मी नुसती थिजले. आमची दहा वर्षांची लेक मात्र तांब्या भरून धावत आली.

तेवढ्यात समोरच्या ताई दारात. दिवाळीच्या दिवसांत आपली दारं उघडीच असायची. करंजीचं पीठ घट्ट झालंय का, हे विचारायला त्या परातीसकट आल्या होत्या. त्या ओरडल्या, “पाणी नको!” लेकीला मागे ढकललं, पीठ ओट्यावर उपडं केलं, गॅसचं बटण बंद केलं आणि परात कढईवर झाकली. अर्ध्या मिनिटात ज्वाळा विझल्या. मग मी खाली बसून रडले आणि त्या ओट्यावरचं पीठ गोळा करत म्हणाल्या, “घट्टच झालंय हो.”

पाणी का नको, हे मला नंतर कळलं. पाणी तेलापेक्षा जड. ते कढईच्या तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटतं तेल चहूकडे उडवते. लेकीचा तो तांब्या कढईत पडला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरा करत नाही. म्हणून सगळ्यांना, विशेषतः मुलांना, सांगून ठेवा: तेल पेटलं तर गॅस बंद, वर झाकण, कढई हलवायची नाही, झाकण लगेच उघडायचं नाही. हात पोचत नसेल, आग पसरत असेल तर सरळ घराबाहेर पडायचं आणि 101 फिरवायचा. तळताना कढईला पुरेल एवढं झाकण ओट्यावर हाताशी हवंच.

तेव्हापासून माझ्या फराळाची सुरुवात भाजणीने होत नाही, ओट्याखाली वाकून होते. सिलिंडरची नारिंगी सुरक्षा नळी बघायची. तिच्यावर मुदत छापलेली असते, साधारण पाच वर्षांची. मुदत संपली किंवा चीर दिसली तर बदलायची. जोडाला साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तर गळती आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो. वास आला तर दिव्याचं बटण ना चालू करायचं, ना बंद. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर येऊन 1906 वर फोन करायचा. चिमणीच्या जाळ्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजत ठेवा. जाळीत साठलेलं तेलही पेट घेतं. आणि ओव्हनचा प्लग मोठ्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नको.

आता थोडं फराळाचं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईंनी नुसतं घाबरवलं. माझी भाजणी अशी: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, मूठभर धणे आणि थोडे जिरे. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर भाजायचं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर कडक होते. आच मोठी ठेवली तर बाहेरून रंग येतो, आत ओली राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. माझी चूक हीच होती. घाई! तेलातले बुडबुडे कमी होईपर्यंत थांबायचं आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही.

लहानपणी गिरगावात आम्ही रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचो. आपल्या नंबराची वाट बघायची आणि गरम नानकटाईचा डबा छातीशी धरून घरी यायचं. आता ती घरच्या ओव्हनमध्ये होते. एक वाटी तूप आणि एक वाटी पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसायची, त्यात दोन वाट्या मैदा, दोन-दोन चमचे रवा आणि बेसन, वेलची. गोळा वळत नसेल तर थोडा मैदा आणखी. 160 ते 170 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊच लागते, म्हणून पुन्हा आत ढकलू नका. गार झाली की खुसखुशीत होते.

उरलेल्या तेलाबद्दल एक विनंती. ते गाळून दोन-चार दिवसांत फोडणीला वापरा, पण काळं झालेलं, फेस येणारं तेल पुन्हा तळणीला नको. तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणही सांगतं. आणि कृपा करून ते सिंकमध्ये ओतू नका! तूप-डालडा पाइपमध्ये थिजतो, त्यावर पिठाचा लगदा बसतो, आणि भाऊबीजेला तळमजल्यावरच्यांच्या सिंकमधून आपल्या सगळ्यांच्या विंगचा फराळ वर येतो. हसू नका, तळमजल्यावरच्यांना विचारा. कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून मग धुवा, आणि टाकायचं तेल गार करून बाटलीत भरा.

शेवटचं सांगते. त्या रात्री आग लागली ती तेलाला नव्हे, माझ्या हट्टाला. रात्री साडेदहाला दमलेली बाई एकटी तापल्या तेलापुढे उभी राहते, तेव्हा घरातली बाकीची माणसं काय करत असतात? आमच्याकडे ‘हे’ क्रिकेट बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सोऱ्या फिरवला. मग आमच्या मजल्यावर ठरलं: चार घरं, चार पदार्थ. एकीकडे चकली, एकीकडे करंजी, एकीकडे लाडू, एकीकडे चिवडा. तळणीजवळ कायम दोन मोठी माणसं, त्यातला एक पुरुष, आणि रात्री नऊनंतर कढई चढवायची नाही. इतकी वर्षं हे चाललंय. फराळ कुणाचा बिघडत नाही असं नाही, पण बिघडला तर चार घरांचा मिळून बिघडतो.

त्या ताई आता मुलाकडे पुण्याला असतात. त्यांची परात मी किती वेळा परत करायला गेले! प्रत्येक वेळी म्हणाल्या, “राहू दे, तुझ्याकडेच लागेल.” ती आजही माझ्या ओट्यावर आहे, काळ्या डागासकट. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, पाण्याची टाकी दुरुस्त केली, गेटवर कॅमेरे लावले. दारं मात्र बंद व्हायला लागलीत. यंदा फराळाच्या आठवड्यात तेवढी संध्याकाळी उघडी ठेवू या. वास तरी कळेल, कुणाकडे काय चाललंय ते.

सर्वांना दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा.