चौथरा कोणी बांधायचा?

श्रोतेहो, गावाला कोणी मोठी थोरली मूर्ती भेट द्यावी आणि ती बसवायला गावात चौथराच नसावा, असे झाले तर? आपण हसू. पण अमेरिकेसारख्या देशावर एकदा ही पाळी आली होती.

न्यूयॉर्कच्या बंदरात उभा असलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आपण चित्रात पाहिला असेल. तो फ्रान्सच्या जनतेने अमेरिकेच्या जनतेला दिलेली भेट. कल्पना लाबुले या फ्रेंच विद्वानाची, घडण बार्तोल्दी या शिल्पकाराची. आतला लोखंडी सांगाडा आयफेलचा. पॅरिसचा मनोरा ज्याच्या नावाने ओळखतात, तोच हा. वरचा तांब्याचा पत्रा अडीच मिलिमीटरहूनही पातळ, आणि उंची मात्र १५१ फूट!

ठरले असे की, पुतळा फ्रेंचांनी द्यायचा, चौथरा अमेरिकनांनी बांधायचा. फ्रान्समध्ये लोकांनी वर्गणी काढली, पुतळा उभा केला. इकडे चौथऱ्याचे काम पैशावाचून अडले. सरकार हात सैल करीना, धनिकही पुढे येईनात. तेव्हा, १८८५ च्या मार्चमध्ये, पुलित्झर नावाच्या संपादकाने आपल्या 'वर्ल्ड' पत्रातून सामान्य माणसालाच हाक दिली. जो देईल त्याचे नाव छापीन, मग रक्कम कितीही लहान असो, असे त्याने सांगितले. मजुरांनी दिले, शाळकरी पोरांनी खाऊचे पैसे दिले. जूनमध्ये सुटा केलेला पुतळा २१४ पेट्यांतून येऊन पोचला, तरी वर्गणी चालूच होती. ऑगस्टपर्यंत एक लाख डॉलर जमले. देणारे होते एक लाख वीस हजारांवर; बहुतेकांची वर्गणी एका डॉलरहूनही कमी!

२८ ऑक्टोबर १८८६ ला पुतळ्याचे अनावरण झाले. देवीच्या पायाशी तुटलेली साखळी आहे. पण त्याच दिवशी काही स्त्रिया भाड्याच्या बोटीतून बेटाजवळ आल्या. त्यांनी विचारले, स्वातंत्र्याची मूर्ती स्त्रीची, मग आम्हांला मत का नाही? सबंध देशात तो हक्क मिळायला १९२० साल उजाडले.

तेव्हा मंडळी, भेट कोणीही देईल. शाळेची इमारत असो, विहीर असो, नाही तर स्वातंत्र्य असो; ते आपले व्हायचे, तर खालचा चौथरा आपणच बांधला पाहिजे, आणि त्यात प्रत्येकाची पै पडली पाहिजे. बाईमाणसाचीसुद्धा, आणि तिचा हक्कही तितकाच.