आश्रयदात्यांवरील खटला
(वार्षिक संमेलनातील भाषण)



या व्यासपीठावरून आम्ही बहुधा शिक्षणनिधी आणि वसतिगृह यांविषयीच बोलतो. आज एका परदेशीय खटल्याविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन जनांस अर्पण केला. त्या झटण्याची किंमत काय पडे, हे मात्र आम्हांस फारसे ठाऊक नसते.

अमेरिकेच्या १८५० च्या कायद्यान्वये पळालेल्या गुलामास थारा देणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कारावास होई. धरलेल्या माणसास स्वतःची साक्ष देण्याची मुभा नव्हती. त्यास धन्याच्या हवाली केल्यास आयुक्तास दहा डॉलर मिळत, सोडून दिल्यास पाचच! वाळीत टाकलेल्या घरास विस्तव देणाऱ्यासही पंच दंड करीत, हे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे; म्हणून हा कायदा आम्हांस अगदीच परका वाटत नाही.

ओहायो प्रांतातील ओबर्लिन गावी जॉन प्राइस नावाचा केंटकीहून पळालेला गुलाम राहत होता. सप्टेंबर १८५८ मध्ये बटाटे काढण्याच्या कामाचे आमिष दाखवून एका मुलाने त्यास गावाबाहेर नेले. तेथे त्यास पकडून वेलिंग्टनच्या खाणावळीत कोंडण्यात आले. वार्ता कळताच ओबर्लिनकर, गोरे आणि काळे दोघेही, धावले. त्यांनी त्यास माळ्यावरून सोडवले आणि पुढे कॅनडात पोचते केले.

सरकारने सदतीस जणांवर आरोप ठेवले. गाडी हाकणारा सायमन बुशनेल प्रथम दोषी ठरला; त्यास साठ दिवस कैद व सहाशे डॉलर दंड झाला. नंतर चार्ल्स लँग्स्टन या कृष्णवर्णीय शिक्षकाची पाळी आली. शिक्षेपूर्वी काही सांगावयाचे आहे काय, असे विचारता त्याने भर न्यायालयात सांगितले की, आपल्या वर्णाच्या माणसास येथे समानांकडून न्याय मिळूच शकत नाही, आणि असा प्रसंग पुन्हा आला तर आपण पुन्हा तेच करू. न्यायाधीशाने त्यास वीस दिवस व शंभर डॉलर एवढीच शिक्षा दिली. कवी लँग्स्टन ह्यूज हा याच गृहस्थाचा नातू होय.

इतर कित्येकांनी जामीन नाकारून क्लीव्हलंडच्या तुरुंगात दिवस काढले. तेथूनच त्यांनी वृत्तपत्राचा एक अंकही काढला. इकडे प्रांतिक न्यायालयात पकडणाऱ्या चौघांवर अपहरणाचा आरोप दाखल झाला, तेव्हा सरकार नमले. जुलै १८५९ मध्ये दोन्ही बाजूंचे खटले मागे घेण्यात आले. सोबती सुटून गेले, तरी बुशनेल मात्र आपली मुदत संपेपर्यंत आणखी काही दिवस कोठडीतच होता.