वाढ, वीज आणि कार्बन : नाशिकच्या निमित्ताने

विकसनशील अर्थव्यवस्थेत उत्पन्न वाढले की ऊर्जेचा वापर वाढतो, आणि ती ऊर्जा कोळशातून येत असेल तर कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जनही वाढते. जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांच्या सूत्रानुसार उत्सर्जन म्हणजे चार राशींचा गुणाकार होय : लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या एका रुपयामागे लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेच्या एककामागे निघणारा कार्बन. पहिल्या दोन राशी वाढत्या असल्यामुळे उपाय उरलेल्या दोहोंतच शोधावे लागतात.

नाशिकमध्ये ओझरचा विमान कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला, सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहती विस्तारल्या आणि एकलहरे येथे १९७० च्या सुमारास औष्णिक वीजनिर्मिती सुरू झाली. तेथील २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला तर २ लाख १० हजार युनिट वीज तयार होते, आणि युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास त्या तासात सुमारे २१० टन वायू हवेत जातो.

भारताने २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन-तीव्रता, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक एककामागचे उत्सर्जन, ४५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु उत्पन्न त्याहून वेगाने वाढले तर तीव्रता घटूनही एकूण उत्सर्जन वाढतच राहते, हा भेद चर्चेत अनेकदा हरवतो.

कृषिपंपांसाठी दिवसा सौरवीज पुरवणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चौथ्या राशीवर काम करते, कारण सिंचन उन्हाच्या वेळी उरकता येते. द्राक्षांच्या शीतगृहांना आणि रात्रपाळीच्या कारखान्यांना मात्र सूर्यास्तानंतरही वीज लागते. त्यासाठी साठवणूक हवी. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेवरील २५० मेगावॉटचा घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प मागणी कमी असताना पाणी वर चढवतो आणि मागणी वाढल्यावर तेच खाली सोडून वीज निर्माण करतो.

दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीहून बरेच कमी असलेल्या देशाला वाढ थांबवा असे सांगणे अन्यायाचे ठरेल. तथापि सौरवीज साठवण्याची सोय तिच्या निर्मितीच्या बरोबरीने उभी राहिली नाही, तर रात्रीच्या वाढत्या मागणीचा भार कोळशावरच पडत राहील.