‘इफ आय वेअर’ आणि ‘मी असतो तर’

इंग्लंडमध्ये ज्यांची मुलं इयर सिक्समध्ये आहेत, त्यांच्या घरी मे महिन्यातल्या सॅट्सची धास्ती असतेच. व्याकरणाचा पेपर ५० गुणांचा, वेळ ४५ मिनिटं. गणित सहज शिकवणारे आईबाबा नेमके इथे अडतात. मग काही घरांत ठरतं, परीक्षा होईपर्यंत मराठी बंद. मला ते पटत नाही, निदान या पेपरसाठी तरी.

आधी शब्दांच्या जाती. आपण शाळेत आठ घोकल्या. इथे त्यांना वर्ड क्लासेस म्हणतात आणि त्यांत एक अनोळखी पाहुणा आहे, डिटर्मिनर. अ, द, धिस, माय, थ्री असे नामाआधी येऊन कोणतं, कोणाचं, किती ते सांगणारे शब्द. ‘माझं पुस्तक’ मधल्या ‘माझं’ला आपण विशेषण म्हणू. पण मुलीनं ‘माय बुक’ मधल्या ‘माय’ला डिटर्मिनर म्हटलं, तर खोडू नका. तिचं बरोबर आहे.

खरी गंमत क्रियापदात. इंग्रजीतल्या मूडला आपल्या व्याकरणात ‘अर्थ’ म्हणतात. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. (स्वार्थ म्हणजे इथे आपमतलबीपणा नव्हे, क्रियापद स्वतःचा साधा अर्थ सांगतं, एवढंच.) मुलांना छळणारा सब्जंक्टिव्ह या शेवटच्या दोघांत वाटला गेलाय.

‘त्यानं वेळेवर यावं, असं मी सुचवते.’ हा आपला विध्यर्थ. इंग्रजीत ‘आय सजेस्ट दॅट ही कम ऑन टाइम’. ‘कम्स’ नाही, ‘कम’. तो येतो की नाही हे आपण सांगतच नाही, त्यानं यावं एवढंच म्हणतोय.

दुसरा प्रकार ‘इफ आय वेअर यू’. मुलं विचारतात, ‘आय’ला ‘वॉज’ हवं ना? त्यांना मराठीत सांगा. ‘मी रोज सातला घरी असतो’ हे खरं घडणारं. ‘मी तुझ्या जागी असतो तर’ हे न घडलेलं. शब्द तोच, ‘असतो’, काम वेगळं. ‘वेअर’चंही तसंच. दिसायला भूतकाळ, पण काळाशी त्याचा इथे संबंध नाही. बोलताना इथले कितीतरी लोक ‘इफ आय वॉज यू’ म्हणतात, पण पेपरात सब्जंक्टिव्ह विचारला की ‘वेअर’च लिहायचं.

म्हणून प्रत्येक ‘इफ’पुढे ‘वेअर’ ठोकून चालत नाही. ‘काल तो तिथे होता, तर मला कसा दिसला नाही?’ इथे तो असेलही, आपण नाकारत नाही. मराठीत ‘होता’ आलं, इंग्रजीत ‘वॉज’ येईल. ‘तो आत्ता इथे असता, तर हसला असता.’ तो इथे नाहीच. ‘असता’ आलं, ‘वेअर’ लिहा. कालची हुकलेली गोष्ट असेल, तर मात्र इंग्रजीला ‘हॅड बीन’ लागतं, मराठी तिथेही ‘असता’वरच भागवते.

तेव्हा आज रात्री जेवताना मुलांना एकच वाक्य पुरं करायला सांगा, ‘आजी आत्ता इथे असती तर…’ आणि मग तेच इंग्रजीत.