शाळेचा शेवटचा दिवस आणि त्यानंतर

(विसरवाडी येथे दिव्यांग मुलांचे पालक, शिक्षक व कार्यकर्ते यांच्यासमोर केलेले भाषण)



मी विशेष शिक्षक नाही, वैद्यही नाही. वर्तमानपत्रात उमेदीची वर्षे गेली, त्या निमित्ताने माणसांची घरे पाहिली, एवढाच माझा या विषयावर बोलण्याचा अधिकार. म्हणून आरंभ एका घरापासूनच करतो.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक मुलगा होता. त्या काळी रूढ असलेल्या शब्दात सांगायचे तर मतिमंद. दिवसभर ओट्यावर बसलेला असे. गल्ली वाईट नव्हती. कोणी त्याला त्रास देत नसे, उलट येता-जाता जो तो त्याच्या हातावर बिस्कीट ठेवी. आई त्याला न्हाऊ घाली, भांग पाडी, भात कालवून घास भरवी. तो चाळिशीचा झाला तेव्हा आई गेली. तेराव्यापर्यंत घरात माणसे होती. त्यानंतर लक्षात आले, की हा जेवतच नाही. ताट पुढे ठेवले तर नुसता बघत बसे. कालवलेला भात स्वतःच्या हाताने तोंडात घालायचा असतो, हे त्याला चाळीस वर्षांत कोणी शिकवलेच नव्हते. बिस्किटे देणाऱ्यांत मीही होतो.

प्रेम कमी पडले नव्हते. शिकवणे राहून गेले होते.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस आहेत. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शब्दही बदलले. अपंग, विकलांग आणि 2015 नंतर दिव्यांग. शब्द बदलला याचा आनंदच आहे. मुलाची बसण्याची जागा मात्र अनेक घरांत तीच राहिली आहे. अठराव्या वर्षी हक्काची शाळा सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा ओट्यावर येऊन बसतो.

आपल्याकडे अशा प्रसंगी अष्टावक्राची कथा सांगण्याचा प्रघात आहे. आठ ठिकाणी वाकडा असलेला तो मुनिपुत्र जनकाच्या सभेत गेला आणि बंदी नावाच्या पंडिताला त्याने वादात हरवले. कथा थोर आहे. पण ज्याला वादच घालता येत नाही, ज्याला आपले नाव सांगायलाही दोन मिनिटे लागतात, त्याने सभेत कोणत्या दाराने यायचे? पंडित दीनदयाळजींनी अंत्योदय म्हटले तेव्हा शेवटचा माणूस हुशार असला पाहिजे, अशी अट घातली नव्हती.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येतो. विशेष शिक्षकांकडून मी जे ऐकले, त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटली. कोणतेही काम एकसंध नसते, त्याच्या पायऱ्या असतात. सदरा घालणे म्हणजे उचलणे, सुलटी बाजू ओळखणे, एक हात, दुसरा हात, मग गुंड्या. आपण पहिल्या पायरीपासून शिकवू लागतो आणि मूल मध्येच थकते. अनुभवी शिक्षक पुष्कळदा उलट करतात. सगळा सदरा स्वतः घालतात आणि शेवटची गुंडी तेवढी मुलाला लावायला देतात. काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याचा. काही दिवसांनी शेवटच्या दोन गुंड्या, मग तीन. असे मागून पुढे येत येत एके दिवशी अख्खा सदरा त्याचा होतो. भाकरीचेही तसेच. आधी भाजलेली भाकरी टोपलीत ठेवायची. थापणे सर्वांत शेवटी.

पैशांचे पाहा. बेरीज-वजाबाकी न येणाऱ्या तरुणाला बाजार करता येईल का? येईल. त्याला खिशात फक्त दहाच्या नोटा द्याव्यात आणि एकच नियम शिकवावा: किंमत जितक्या दहांची, तितक्या नोटा, आणि वर एक जास्त. दुकानदार ‘बावीस’ म्हणाला तर तीन नोटा द्यायच्या आणि उरलेले पैसे मिळेपर्यंत हलायचे नाही. अडचण वेगळीच आहे. ‘बावीस’ या शब्दात वीस ऐकूच येत नाही! 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस दोन’ असे वाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. मीही त्या थट्टेत सामील होतो. या मुलांना बाजारात अडखळताना पाहिल्यावर मात्र वाटले, दुकानदाराने ‘वीस आणि दोन’ म्हटले तर मराठीचे काही बिघडणार नाही आणि एका तरुणाचा व्यवहार होईल.

इथल्या मुलांच्या कानावर तर मराठीही उशिरा पडते. घरात मावची, शाळेत पुस्तकी भाषा. बौद्धिक अडचण असलेल्या मुलाला एकाच वस्तूसाठी दोन शब्द शिकवणे म्हणजे ओझे दुप्पट करणे आहे. घरात जो शब्द चालतो, त्या शब्दानेच शिकवावे. आणि शिकवावे त्या त्या जागीच. वर्गात खोट्या नोटांनी शिकलेले दुकानात आठवेल याची खात्री नसते. विसरवाडी धुळे-सुरत महामार्गावर आहे, इथूनच नंदुरबारकडे रस्ता फुटतो. मालमोटारींचा ओघ थांबत नाही. हा रस्ता ओलांडणे हे इथल्या कर्णबधिर मुलीचे पहिले जीवनकौशल्य आहे, आणि ते फळ्यावर शिकवता येत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक सांगतो, माता-भगिनींनी गैर मानू नये. पाळीची स्वच्छता आणि नकोशा स्पर्शाला मोठ्याने ‘नाही’ म्हणणे, हे स्वयंपाकाच्या आधी शिकवा.

मग रोजगार. कर्मशाळांतून वर्षानुवर्षे मेणबत्त्या, खडू आणि पाकिटे होत आली आहेत. दिवाळीत आपण ती दयेपोटी घेतो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत विसरतो. याउलट नसीमा हुरजूक यांचे उदाहरण पाहा. ऐन तारुण्यात पाय गेलेल्या या बाईंनी 1984 मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. पुढे सिंधुदुर्गात ‘स्वप्ननगरी’ वसली, तेव्हा तिथे दिव्यांगांसाठी काजू प्रक्रियेचा उद्योग निघाला. काजू कोकणचा, म्हणून काजू. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी 1964 मध्ये ‘कामायनी’ सुरू केली, तिथेही शाळेला उद्योगकेंद्राची जोड मिळाली. आपल्या विचारपरिवारातही लातूरजवळ हरंगुळचे जनकल्याण समितीचे ‘संवेदना’ केंद्र आहे, 2008 पासून नागपूरहून उभे राहिलेले ‘सक्षम’चे काम आहे.

मग नंदुरबारने काय करावे? नवापुरात तूरडाळ आहे, कुक्कुटपालन आहे, धडगाव-अक्कलकुव्याकडे आमचूर आहे, नंदुरबारला मिरची आहे. डाळ निवडणे, अंडी गोळा करून खोक्यात लावणे, आंब्याच्या फोडी वाळत घालणे या कामांत तेच ते करावे लागते, म्हणून आपल्याला कंटाळा येतो. आमच्या या मुलांपैकी अनेकांना तोच ठरलेला क्रम मानवतो. जिल्ह्यात डॉ. हेडगेवार सेवा समितीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या प्रत्येक प्रशिक्षण वर्गात दोन जागा या तरुणांसाठी मागून घ्या. सोबत एक शिक्षक बसेल, एवढीच विनंती करायची.

सिकलसेलविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. 2016 च्या कायद्याने त्याचाही समावेश अपंगत्वात केला, आणि तो या वनवासी पट्ट्यातला घरोघरचा विषय आहे. हा मुलगा वरून धडधाकट दिसतो, म्हणून त्याला आळशी ठरवतात. पाणी कमी पडले, थंडी बाधली, अंगमेहनत अति झाली, की असह्य वेदना उठतात. दिवाळीनंतर घरची माणसे ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा तोही कोयता घेऊन जातो. त्याचे जीवनकौशल्य काय? आपला आजार नावानिशी सांगता येणे, पाण्याची बाटली जवळ बाळगणे, डॉक्टरांच्या गोळ्या न चुकवणे आणि मुकादमाला न लाजता ‘आता बसतो’ म्हणणे. शिवणकाम, रोपवाटिका, दुकान अशी सावलीतली कामे त्याला शाळेत असतानाच शिकवली, तर कोयता हाती घेण्याची वेळच येणार नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला मात्र अशा वेळी आजीजवळ ठेवून जातात. परत येईतो सहा महिन्यांचे शिकलेले पुसले जाते. इथे आजीला शिकवावे लागेल. तिने काय करायचे नाही, हेच अधिक. घास भरवायचा नाही, गुंडी लावायची नाही, थांबायचे. आजीला थांबवणे हे सरकारी योजनेपेक्षा अवघड आहे.

पालकांना एक कायदेशीर गोष्ट. मूल अठरा वर्षांचे झाले, की आई-वडिलांचे पालकत्व कायद्याने संपते. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच कायद्याखालील न्यासाची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. कार्यकर्त्यांनी भाषणे कमी करून हे अर्ज भरून द्यावेत. मीही आता आटोपतेच घेतो.

आणि इथल्या दुकानदार बंधूंना एक मागणे. येत्या बाजाराच्या दिवशी शिक्षक दोन-तीन मुलांना घेऊन तुमच्याकडे येतील. प्रत्येकाच्या मुठीत दहाच्या नोटा असतील. गर्दीत त्यांना वेळ लागेल, मागचे गिऱ्हाईक कुरकुर करील. साबण त्याला स्वतः मागू द्या. किंमत ‘वीस आणि दोन’ अशी सांगा. आणि उरलेले आठ रुपये सोबतच्या शिक्षकाकडे देऊ नका, त्याच्याच हातावर मोजून ठेवा.