फॉन्ट खुला करण्यापूर्वी



अक्षरकार, मुद्रक, प्रकाशक व संगणकतज्ज्ञ यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. अक्षराच्या सौंदर्याविषयी या व्यासपीठावर नेहमीच भरभरून बोलले जाते, आणि या परिषदेतही बोलले जाईल. मी मात्र अक्षरे काढून झाल्यानंतरच्या कामाविषयी बोलणार आहे. या कामाची प्रदर्शने भरत नाहीत, त्याला पारितोषिके नाहीत, आणि अंदाजपत्रकात बहुतेक वेळा त्याचा रकानाही नसतो. एखादे फॉन्ट-कुटुंब मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले करायचे, तर त्याआधी काय काय करावे लागते, हा माझा विषय. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो: जो फॉन्ट दुसऱ्याला उघडून दुरुस्त करता येतो, तोच खुला. बाकीचे सगळे नुसते फुकट.

मराठी मुद्रणाला हा प्रश्न नवा नाही. जावजी दादाजी चौधरी यांच्या निर्णयसागर छापखान्याची आणि राणोजी रावजी आरू यांनी पाडलेल्या ठशांची थोरवी आपण जाणतोच. तो टाइप देशभरच्या छापखान्यांनी विकत घेतला. पण छापखान्याच्या हाती यायचे ते खिळे. साचे ओतशाळेतच राहायचे. खिळा झिजला की नवा मागवायचा, आणि हवे ते जोडाक्षर संचात नसेल तर जुळाऱ्याने हलन्त घालून वेळ मारून न्यायची. आज आपण संकेतस्थळावर फॉन्टची तयार फाइल ठेवतो, तेव्हा खिळेच वाटत असतो. साचा म्हणजे मूळ आराखड्याची फाइल. तीत प्रत्येक अक्षराचे बिंदू, चिन्हे टेकवण्याच्या जागा म्हणजे अँकर, जोडाक्षरांचे नियम आणि अंतरांचे गट सुट्या, वाचता येईल अशा स्वरूपात असतात. ती देत नाही तोवर आपण साचा स्वतःच्या कपाटात ठेवला आहे, असेच म्हणावे लागेल.

साचा खुला दिल्यावर काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिला. पुढे मुंबईच्या आयआयटीतील विज्ञान आणि वारसा उपक्रमाला संस्कृत ग्रंथांसाठी फॉन्ट हवा होता. त्यांनी देवनागरीसाठी यशोमुद्रा आणि लॅटिन अक्षरांसाठी ‘पीटी सेरिफ’ असे दोन्ही मुक्त फॉन्ट पायाला घेतले आणि ‘शोभिका’ उभा केला. त्यात देवनागरीच्या १६०० हून अधिक आकृत्या आहेत, ११०० हून अधिक जोडाक्षरांची सोय आहे, वैदिक स्वरचिन्हे आहेत. मराठीसाठी केलेल्या कामावर संस्कृतची इमारत चढली, आणि त्यासाठी कुणाच्या दारात परवानगीचा अर्ज घेऊन जावे लागले नाही. तो शोभिकाही पुन्हा मुक्तच आहे.

हे शक्य झाले ते परवान्यामुळे, म्हणून आधी परवान्याकडे येतो. जगभरातले बहुतेक मुक्त फॉन्ट ‘एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स’खाली असतात. त्याची आजची १.१ ही आवृत्ती २६ फेब्रुवारी २००७ ची. फॉन्ट वापरा, तपासा, बदला, वाटा. पण तो सुटा विकू नका, आणि बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली द्या, हे तिचे सार. फॉन्ट वापरून तयार केलेल्या पुस्तकावर मात्र या परवान्याचे कसलेच बंधन येत नाही. हा मुद्दा प्रकाशकांनी लक्षात ठेवावा, कारण ‘मुक्त फॉन्ट वापरला तर पुस्तकही मुक्त करावे लागेल का?’ अशी धास्ती मी अजूनही ऐकतो.

परवान्याची प्रत फाइलींसोबत जोडली म्हणजे काम संपले, असे होत नाही. अक्षरे कुणी काढली, लॅटिन भाग कुठून घेतला, जुन्या छापील पुस्तकावरून आकार घेतले असतील तर ते कोणत्या, विद्यार्थ्याने उमेदवारीच्या काळात केलेल्या कामावर हक्क कुणाचा, हे सारे प्रकाशनाआधी कागदावर यायला हवे. या परवान्यात नाव राखून ठेवण्याचीही सोय आहे. नाव राखले, तर फॉन्टमध्ये बदल करणाऱ्याला आपली आवृत्ती वेगळ्या नावाने द्यावी लागते. पण वेबसाठी फॉन्ट कापून हलका करणे हाही बदलच ठरू शकतो, म्हणून आज अनेक अक्षरकार नाव राखत नाहीत. निर्णय कोणताही घ्या, मात्र तो प्रकाशनाआधी घ्या.

आता मराठीच्या कसोटीकडे येऊ. देवनागरी येते तो फॉन्ट मराठीला चालतोच, असे गृहीत धरले जाते. चालतो का, ते पाहण्याची पहिली कसोटी म्हणजे ही जोडी: ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. पहिल्यात रफार डोक्यावर चढतो, दुसऱ्यात ‘र’ आडवा होऊन ‘या’च्या अंगाला बिलगतो. संगणकात हा आडवा ‘र’ दोन मार्गांनी लिहिला जातो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त येतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि दोघांना जोडून ठेवणारे अदृश्य चिन्ह. वाचकाला दोन्ही सारखेच दिसले पाहिजेत. फॉन्टमध्ये पहिल्या मार्गाचा नियम राहून गेला, की ‘वऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’, ‘कऱ्हाड’ या शब्दांत पायाशी ठिपका आणि हलन्त घेतलेला ‘र’ उभा राहतो. नेपाळीतही हाच आडवा ‘र’ आहे, त्यामुळे मराठीसाठी केलेली ही दुरुस्ती नेपाळी वाचकाच्याही कामी येते.

दुसरी कसोटी ‘ल’ आणि ‘श’ची. आपला ‘ल’ पाकळ्यांचा, हिंदीचा दांड्याचा; ‘श’चीही तशीच दोन रूपे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षररचना ठरवून दिली. फॉन्टमध्ये दोन्ही रूपे ठेवता येतात आणि मजकूर मराठी असेल तर मराठी रूप उमटावे, असा नियमही घालता येतो. पण हा नियम जागा होतो तो मजकुराला मराठीचा भाषासंकेत लावलेला असेल तरच. आपल्याकडच्या कितीतरी वेबपानांवर आणि फाइलींवर तो नसतो. मग मराठी वर्तमानपत्राच्या मथळ्यात दांड्याचा ‘ल’ दिसतो आणि दोष फॉन्टच्या माथी येतो. म्हणून कोणते रूप मूळ धरायचे आणि कोणते भाषासंकेतावर सोडायचे, हे अक्षरकाराने विचार करून ठरवावे आणि सोबतच्या माहितीत स्पष्ट लिहावे.

तिसरी कसोटी ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन भागवत, अजूनही देतात, आणि अनेक ठिकाणी त्या दोहोंच्या मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. हा दोष एकट्या फॉन्टने निस्तरता येत नाही. पण अशा मजकुराचे आपल्या फॉन्टमध्ये काय होते, हे प्रकाशनाआधी पाहणे आपल्या हातात आहे.

फॉन्ट-कुटुंब म्हटले की काम वजनांच्या, म्हणजे रेषेच्या जाडीच्या प्रकारांच्या, पटीने वाढते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाच्या ‘मुक्त’ फॉन्टमध्ये सात वजने आहेत. त्यांचे ‘अनेक’ हे कुटुंब तर लॅटिन धरून दहा लिपींत आहे. २०१६ साली बदलते, म्हणजे व्हेरिएबल, फॉन्ट आले, आणि एकाच फाइलमध्ये बारीकपासून ठळकपर्यंतची सगळी वजने बसू लागली. त्याची अट कडक आहे. बारीक ‘क्ष’ आणि ठळक ‘क्ष’ यांच्या बाह्यरेषेवरचे बिंदू संख्येने सारखे आणि त्याच क्रमाने असावे लागतात. एक बिंदू जरी कमी-जास्त झाला, तरी दोहोंमधली वजने तयारच होत नाहीत, आणि क्रम चुकला तर मधल्या वजनात अक्षर मुरगळते. शिवाय ठळक वजनात ‘द्ध’, ‘ज्ञ’, ‘श्व’ यांचे डोळे भरून येतात. तिथे रेषा सारखी जाड न करता जागा पाहून आतून छाटावी लागते. यंत्र ते आपणहून करत नाही.

आता उंचीचा प्रश्न. ‘कर्वेंनी’ लिहा: ‘व’च्या डोक्यावर रफार, मात्रा आणि अनुस्वार एकत्र येतात. ‘उद्धृत’ लिहा: ‘द’च्या पोटात ‘ध’, आणि त्याखाली ऋकार. फॉन्टच्या फाइलमध्ये ओळीची वरची आणि खालची हद्द आकड्यांत नोंदवायची असते. ती लॅटिन अक्षरे पाहून ठरवली, तर विंडोजवर कर्वेंचा अनुस्वार कापला जातो. ती फार सैल ठेवली, तर दोन ओळींमध्ये दरी पडते. आणि कुटुंबातल्या प्रत्येक वजनात हे आकडे एकसारखे नसतील, तर परिच्छेदात एक शब्द ठळक केला की ओळ उडी मारते. त्याच फाइलमध्ये फॉन्ट पीडीएफमध्ये जोडू द्यायचा की नाही, याचीही खूण असते. मुक्त फॉन्टमध्ये ती शून्य, म्हणजे पूर्ण मोकळी, असायला हवी. परवाना मुक्त आणि खूण बंदीची, असा विरोधाभास राहिला तर छापखान्यात फाइल अडते, आणि ती का अडली याचा उलगडा मुद्रकाला होत नाही.

यातले बरेच दोष पकडणारी साधने आज मुक्तच मिळतात. ‘फॉन्ट बेकरी’ नावे, आकडे, खुणा आणि परवान्याचा मजकूर तपासून चुकांची यादी हातात देते. ‘हार्फबझ’ हे जोडाक्षरे जुळवणारे यंत्र मजकूर कसा उमटेल ते दाखवते. पण ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ वाचकाच्या डोळ्याला कसा वाटतो, वेलांटीची कमान ‘परिस्थिती’तल्या ‘स्थ’पर्यंत नीट येते की मध्येच लोंबकळते, हे मराठी वाचणाऱ्या माणसानेच पाहावे लागते. त्यासाठी खराखुरा मजकूर हवा: गावांची नावे, आडनावे, पाठ्यपुस्तकातले उतारे, इंग्रजी शब्दांची सरमिसळ असलेली बातमी, आकड्यांनी भरलेला ताळेबंद.

एका गोष्टीकडे प्रकाशकांचे खास लक्ष वेधतो. फॉन्ट प्रकाशित झाल्यावरही सुधारत राहतो. पण त्यात एखाद्या अक्षराची रुंदी जराशी जरी बदलली, तरी तीनशे पानी पुस्तकात ओळी सरकतात, परिच्छेद पुढच्या पानावर जातात आणि सूचीतले पृष्ठांक चुकतात. म्हणून आवृत्ती-क्रमांकाला अर्थ असला पाहिजे. किरकोळ आवृत्तीत रुंदीला हात लावायचा नाही; लावायचा तर मोठा क्रमांक द्यायचा आणि बदलांच्या नोंदीत तसे लिहायचे. जुन्या आवृत्त्याही मिळत राहिल्या पाहिजेत. आणि पुस्तकाच्या श्रेयपानावर फॉन्टचे नाव छापता, तिथे त्याचा आवृत्ती-क्रमांकही छापा. दहा वर्षांनी पुनर्मुद्रण करणारा तुम्हाला दुवा देईल.

श्रेयाचेही तसेच. आरूंचे नाव इतिहासात राहिले. त्यांच्या काळी ओतशाळांत राबलेल्या बहुतेक कारागिरांची नावे राहिली नाहीत. आज कर्त्यांची यादी फाइलसोबतच जाते. तीत अक्षरे काढणाऱ्याबरोबर नियम लिहिणारा, तपासणारा आणि दोष कळवणारा वाचक, अशा सगळ्यांना जागा आहे. ती जागा रिकामी सोडू नका.

हे सगळे करायला वेळ लागतो आणि पैसा लागतो. अक्षरे काढायला निधी मिळतो, समारंभाला मिळतो. प्रकाशनानंतर पाच वर्षे दोषांची पत्रे वाचून दुरुस्त्या करणाऱ्याला कुणी देत नाही. सार्वजनिक पैशातून तयार होणाऱ्या फॉन्टच्या करारात मूळ फाइली, मुक्त परवाना आणि देखभालीचा निधी या तीन गोष्टी लेखी असाव्यात, अशी मागणी या परिषदेने करावी. माझ्या मते यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर सरकारने त्या फॉन्टवर पैसा घालू नये.

दुसरी विनंती आपणा सर्वांना. मराठीसाठी एक सामाईक कसोटी-मजकूर आपण मिळून तयार करू. त्यात आडव्या ‘र’ची दोन्ही लेखने असतील, ‘कर्वेंनी’ आणि ‘उद्धृत’ असतील, ‘अ’वर चंद्र दिलेले जुने शब्द असतील. तो मजकूरही मुक्त असेल, आणि कोणताही मराठी फॉन्ट बाहेर पडण्यापूर्वी त्यातून जाईल. शिक्षक, मुद्रितशोधक आणि जुने जुळारी यांनी आपापल्या अनुभवातले अडखळणारे शब्द या परिषदेच्या कार्यालयाकडे पाठवावेत.

आणि यापुढे कुणीही ‘आमचा फॉन्ट मुक्त आहे’ असे जाहीर केले, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी त्याला एक प्रश्न जरूर विचारा: मूळ फाइली कुठे आहेत?